उन्हाळी सुट्टीतली अभियांत्रिकी स्पर्धा: मॉडेल सगळ्यांसमोर मोडायलाच हवं

रावपुराकर

आमच्या मंडळात मे महिन्यात आठवी ते अकरावीच्या मुलांसाठी काय करायचं, यावर बोलणं चाललंय. संस्कार वर्ग, चित्रकला, बुद्धिबळ हे दरवर्षीचंच. माझा आग्रह वेगळा आहे. चार-चार मुलांचे गट करा, त्यांना आइस्क्रीमच्या काड्या, फेव्हिकॉल आणि दोरा द्या. दोन टेबलांमध्ये साठ सेंटिमीटर अंतर, त्यावर पूल. काड्या सगळ्यांना सारख्याच. मग पुलाच्या मध्यावर बादली टांगायची आणि पूल मोडेपर्यंत वाळू ओतायची. कुठे मोडला, का मोडला, ते मुलांनी कागदावर काढायचं आणि पुन्हा बांधायचा. बक्षीस दुसऱ्या पुलाला, पहिल्यापेक्षा किती जास्त वजन पेललं त्यावर.

शाळेच्या प्रदर्शनातलं मॉडेल कधीच नापास होत नाही, कारण त्याची परीक्षाच होत नाही. आणि हे आपण बडोद्यात खपवून घेतो! १८९० साली सयाजीराव महाराजांनी इथे कलाभवन काढलं, त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्राचार्य. हाताने काम करत तंत्र शिकायची ती जागा. दादासाहेब फाळके तिथेच शिकले.

शिक्षिका_मांजलपूर

कलाभवनाचा दाखला मला पटत नाही. तिथे विद्यार्थी दीर्घकाळ एक विद्या शिकत. तुम्ही पंधरा-वीस दिवसांत काड्या चिकटवून घेणार आणि त्याला अभियांत्रिकी म्हणणार. दहावीची मुलं तशीही सुट्टीत क्लासला जुंपलेली असतात. उरलेल्या वेळात पुन्हा गट, पुन्हा बक्षीस, पुन्हा तुलना. मुलांना आजोळी जाऊ द्या, दुपारी लोळू द्या. शिवाय मॉडेल घरी नेलं की ते बाबा बनवतात, हे मी दर प्रदर्शनात बघते.

मकरपुरा_फॅब्रिकेशन

ताई, बाबांचा प्रश्न सोपा आहे. सामान हॉलमध्येच ठेवायचं, बाहेर काही न्यायचं नाही.

पण रावपुराकर, तुमच्या नियमात मोठं भोक आहे. सुधारणेला बक्षीस म्हणजे पहिला पूल मुद्दाम कच्चा बांधतील. मुलं हुशार असतात. दोन्ही पुलांच्या वजनांची बेरीज धरा, आणि मोडायच्या आधी गटाकडून लेखी घ्या: पूल कुठून जाईल? अंदाज बरोबर आला तर वेगळे गुण.

पूल मोडून दाखवायच्या बाजूने मात्र मी पूर्णपणे आहे. दाबाखालची लांब काडी चिरडत नाही, आधी बाकते. जाडी तीच ठेवून लांबी निम्मी केली तर ती चौपट भार घेते, म्हणजे मधोमध एक आडवा आधार नीट बसवला की काम झालं. हे गणित पुस्तकात असतंच. पण माझ्याकडे डिप्लोमा झालेली मुलं येतात, त्यांना सूत्र पाठ असतं आणि शेडच्या सांगाड्यात कुठला रॉड ताणात आहे, कुठला दाबात, हे दाखवता येत नाही. वाळू पडताना काडी बाकताना बघितली असती तर आलं असतं.

अकोट्याची_आई

गटातल्या मुलींचं काय, हे कुणी बोलत नाही. माझ्या मुलीच्या शाळेत गटात काम होतं तेव्हा करवत आणि ग्लूगन मुलांच्या हातात, आणि हिच्याकडे तक्ता रंगवायचं काम, ‘तुझं अक्षर छान’ म्हणून. चारजणांच्या गटात दोघं काम करतात, दोघं बघतात. काम रोज आळीपाळीने बदलणार असेल तर मी पाठवीन, नाहीतर नाही.

रावपुराकर

अकोट्याच्या ताई, मान्य. रोज सकाळी चिठ्ठ्या टाकू: कापणारा, जोडणारा, मोजणारा, नोंद करणारा. बेरजेचा नियमही घेतला. पण शिक्षिकाताई, दुपारी लोळण्याला माझा विरोध नाही. सकाळी आठ ते दहा एवढंच म्हणतोय.

सुभानपुरा_मेकॅनिकल

पूलच कशाला? बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, कूलर करायला लावा. खसाची ताटी, छोटा पंखा, पाण्याचा पंप. मोजायला दोन तापमापक, एकाच्या फुग्याला ओलं कापड. समजा कोरडा ४१ दाखवतोय आणि ओला २५. असा कूलर हवेला २५ च्या खाली नेऊच शकत नाही. हवा ३१ वर आली तर १६ पैकी १० अंश मिळवले, तेवढे गुण. जूनअखेरीस हवा दमट झाली की हाच कूलर का चालत नाही, हे मुलांना स्वतःच्या आकड्यांवरून कळेल.

मकरपुरा_फॅब्रिकेशन

कल्पना उत्तम, पण पाणी आणि २३० व्होल्ट मुलांच्या हातात एकत्र नकोत. १२ व्होल्टचा पंखा आणि पंप वापरत असाल तर बॅटरी मी देतो.

शिक्षिका_मांजलपूर

कूलर मला पुलापेक्षा पटतो, त्यात घरातली अडचण सुटते. बक्षिसाला मात्र माझा विरोध कायम आहे. नोंदवही सगळ्यांची भिंतीवर लावा, नंबर काढू नका. नंबर लागला की मोडलेला पूल लपवायची सवय त्याच दिवशी लागते.

रावपुराकर

इथे मी तुमच्याशी सहमत नाही. मुलांना जिंकायची ओढ असते म्हणूनच ती दुसऱ्यांदा बांधायला बसतात. नोंदवह्या लावू, पण नंबरही काढू.