आधी डिस्कचा रकाना बघा

कॉम्प्युटर फार हळू चालतोय म्हटलं की रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी) वाढवा आणि रजिस्ट्री क्लीनर (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदी साफ करणारं सॉफ्टवेअर) टाका, असा सल्ला मिळतो. रॅमचं एक वेळ ठीक, पण क्लीनरच्या भानगडीत पडू नका. जुन्या नोंदी पुसून वेग काही वाढत नाही, उलट एखादी कामाची नोंद उडाली की बसा बोंबलत.

त्याआधी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, डिस्क आणि रॅम किती वापरात आहे ते तिथे दिसतं. सिडकोत काकांकडे बघितलं तर मशीन सुरू झाल्यापासून डिस्कचा आकडा १०० टक्क्यांना चिकटलेला, आणि रॅम निम्मी मोकळी! तिथे रॅम घालून काय होणार? फिरत्या हार्ड डिस्कला प्रत्येक बारीकसारीक फाइलसाठी हेड इकडून तिकडे न्यावं लागतं, वेळ खातं ते हेच. एसएसडीत (फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) ही धावपळच नाही. एमजी रोडला कॉम्प्युटरच्या दुकानात चक्कर मारलीत तर साधी साटा जोडणीची एसएसडी मागा, नवीन मशीन गळ्यात मारून घेऊ नका. फोटो, कागदपत्रं आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क काढून ठेवा. लावूनच ठेवली तर रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) तिलाही सोडत नाही.

दोन-दोन अँटिव्हायरस नकोत, एकमेकांच्या पायात येतात. घरच्या वापराला विंडोजचा डिफेंडर पुरतो. मात्र विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट (सुरक्षेचे अपडेट वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. मशीनमध्ये टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) नसेल तर विंडोज ११ रीतसर बसणार नाही. नुसतं ब्राउझर आणि मेल असेल तर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) पेनड्राइव्हवरून चालवून बघा. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर गोष्ट वेगळी, ते विंडोजसाठीच बनलंय.