लहान भागातल्या प्रॅक्टिकल नर्सच्या जागा

अमेरिकेतल्या छोट्या काउंटीत एकच हॉस्पिटल आणि तिथे भरती बंद, मग एलपीएन (लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स, म्हणजे आरएन किंवा रजिस्टर्ड नर्सच्या खालची पायरी) करून उपयोग काय, असा सूर बऱ्याचदा दिसतो. मुळात हॉस्पिटल बघून अंदाज बांधणंच चुकतंय. एलपीएनना सर्वात जास्त काम नर्सिंग होममध्ये (तिकडे म्हणजे वृद्ध-आजारी माणसं दीर्घकाळ राहतात ती जागा) मिळतं, आणि त्यामागे नियम आहे. मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनांचे पैसे घेणाऱ्या नर्सिंग होममध्ये आरएन दिवसाला सलग 8 तास हवी, पण परवानाधारक नर्स (आरएन किंवा एलपीएन) 24 तास. उरलेले 16 तास एलपीएनवर भागवता येतात. म्हणूनच जाहिराती संध्याकाळच्या आणि रात्रीच्या पाळीच्या जास्त. फक्त दिवसपाळी हवी असेल तर थांबावं लागतं.

मुलाखतीत पगाराआधी विचारा: एका पाळीत एका नर्सकडे किती रहिवासी? तीसेक जणांच्या सकाळच्या गोळ्या, त्यात इन्सुलिन, आणि मध्येच कुणी पडलं की वेळापत्रक कोलमडतं. घाईत चुका होतात त्या इथेच.

राज्याच्या सीमेजवळ राहत असाल तर नर्स लायसेन्शर कॉम्पॅक्ट (नर्सच्या परवान्याबद्दलचा राज्याराज्यांतला करार) बघा. राहतं राज्य सदस्य असेल तर बहुराज्य परवान्यावर पलीकडच्या सदस्य राज्यातही काम चालतं. कॅलिफोर्निया त्यात नाही. तिथे आणि टेक्ससमध्ये पदाचं नावही एलव्हीएन (लायसन्स्ड व्होकेशनल नर्स) आहे, त्यामुळे ‘एलपीएन’ टाकून शोधलं तर तिथल्या बऱ्याच जाहिराती दिसणारच नाहीत. कॅनडात तर आणखी गोंधळ: आरपीएन म्हणजे ओंटारियोत प्रॅक्टिकल नर्स, ब्रिटिश कोलंबियात मनोरुग्णांची नर्स.