चित्रपट शिक्षणासाठी अर्ज करायचा आहे, पण अनुभव नाही

प्रश्न : मी वडसा देसाईगंजजवळच्या खेड्यात राहते आणि बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांत पडदा आणि दिवे सांभाळले, एवढाच अनुभव. कॅमेरा कधी हाताळलेला नाही. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत दिग्दर्शनासाठी अर्ज करावा का?

उत्तर : ताई, जरूर करावा. त्या अभ्यासक्रमासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते आणि निवड लेखी परीक्षा व मुलाखतीतून होते. कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेचाही विचार करावा.

उत्तर : ‘एवढाच’ हा शब्द मला मान्य नाही. दिवाळीनंतर धानाची कापणी उरकली की रात्रभर चालणाऱ्या प्रयोगांत, हजारोंचा समुदाय कोणत्या प्रसंगी स्तब्ध होतो आणि कोठे चुळबुळ करू लागतो, हे ज्याने विंगेतून पाहिले आहे, त्याच्याजवळ दिग्दर्शकाला लागणारे निरीक्षण असतेच. ते मुलाखतीत नेमक्या प्रसंगांसह सांगावे. दरम्यान मोबाईलवर आपल्याच गावातील एखाद्या कामाचे, धानाच्या रोवणीचे म्हणा, दोन-तीन मिनिटांचे चित्रण करून स्वतः संकलित करावे.

उत्तर : जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून आत्ताच काढून ठेवावा, ऐनवेळी तालुक्याला खेटे घालण्यात अर्जाची मुदत निघून जाते.