शिकाऱ्याला जंगल कळत होते, म्हणून काय झाले?

पायथ्याचा पांथस्थ (शहादा): ‘जंगल खरे कळले ते शिकाऱ्यांना, कॅमेरेवाले नुसते पाहुणे’, असे आबांनी काल इथे लिहिले. मला ते मुळीच पटले नाही. जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात आपल्या खानदेशात रानपिंगळे, म्हणजे दुर्मिळ छोटी घुबडे, मारून त्यांचे नमुने जमवले. पुढे माइनरट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षिसंग्राहकाने त्यांतलाच एक संग्रहालयातून चोरला आणि १९१४ साली गुजरातेत आपणच तो मिळवला, असे सांगितले. त्या खोट्या नोंदीमुळे शोधणारे भलतीकडे भटकत राहिले आणि १८८४ नंतर हा पक्षी जिवंत दिसला तो थेट नोव्हेंबर १९९७ मध्ये, आपल्या शहाद्याजवळ. बंदुकीने दिलेले ज्ञान ते हेच का?

यावलचे आबा: माझे वडील १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा येण्यापूर्वी ससे आणि तितर मारत, हे मी कधी लपवले नाही. पण नाल्याच्या ओल्या वाळूत उमटलेल्या खुराची कड अजून ओली नि रेखीव आहे की सुकून ढासळू लागली आहे, एवढे पाहून जनावर केव्हा गेले ते सांगत. गेल्या माघात मात्र चार कॅमेरेवाल्यांनी माझ्यादेखत एका सागाखाली मोबाइलवर रानपिंगळ्याचा आवाज पुन्हा पुन्हा वाजवला. नर ढोली सोडून समोरच्या निष्पर्ण फांदीवर आला, शेपटी झटकत ओरडत राहिला, आणि तेवढा वेळ ढोलीकडे फिरकला नाही. याला प्रेम म्हणायचे असेल, तर माझ्या वडिलांना क्रूर म्हणू नका.

भुसावळचा छायाचित्रकार: आबा, सगळ्यांना एकाच दोरीने बांधू नका. १९९७ नंतरच्या पाहण्यांत अभ्यासकांनीही आवाज वाजवूनच हे पक्षी शोधले आहेत. मीही वाजवला आहे, आणि मी गुन्हेगार नाही!

यावलचे आबा: अभ्यासक उत्तर मिळाले की नोंद करून पुढे जातो; तुम्ही मनासारखी चौकट मिळेपर्यंत त्याच ढोलीपाशी ठाण मांडता. हा फरक तुम्हाला दिसत नसेल, तर भिंग बदलून काय होणार?

चोपड्याची माहेरवाशीण: मोबाइलवरून भांडणाऱ्यांनी एवढे तरी सांगावे की ढोल्या असलेले जुने साग उरले कुठे? आमच्या शेताच्या वरच्या बाजूची टेकडी माझ्या लहानपणी सागाने भरलेली होती. आज तिथे कापसाची रोपे आहेत. झाडच गेले, तर आवाज वाजवला काय आणि न वाजवला काय!

भुसावळचा छायाचित्रकार: ताईंचे दुःख खरे आहे, पण झाडे तोडली जातात म्हणून माझी चूक पुसली जात नाही. विणीच्या दिवसांत ढोलीपाशी आवाज वाजवायला नको होता, हे मान्य करतो. मी फोटो मिळाल्यावर निघून आलो; नर केव्हा परतला, हे पाहायला थांबलोही नाही.

पायथ्याचा पांथस्थ: आबांचे एवढे म्हणणे मलाही नाइलाजाने पटते की थांबणे आम्हाला त्यांच्या वडिलांकडून शिकावे लागेल. तितर मारण्याबद्दलचे माझे मत मात्र तसूभरही बदललेले नाही.