मदत हवी आहे: शाळा विकास आराखडा पालकांसोबत कसा तयार करता?

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, सोबत एम.एड. सुरू आहे. लघुप्रबंधाचा विषय शाळा व्यवस्थापन समिती.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ वाचलं की हुरूप येतो: समितीत किमान ७५ टक्के पालक, ५० टक्के महिला. कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडाही समितीनंच करायचा. अमेरिकेत इलिनॉय राज्याच्या १९८८ च्या कायद्यानं याही पुढे जाऊन शिकागोतल्या स्थानिक शाळा परिषदांना मुख्याध्यापक निवडण्याचा अधिकार दिला. आपल्या समितीला तो नाही, आणि मला वाटतं पालक गप्प बसतात त्याचं एक कारण हेच आहे.

गेल्या बैठकीत आराखडा वाचून दाखवला, वही फिरली, सह्या झाल्या. सगळे उठल्यावर एक आई दाराशी थांबून हळूच म्हणाली, "बाई, पोरींच्या संडासाला आतून कडी नाही. माझी लेक दिवसभर पाणीच पीत नाही." आराखड्यात कडी नव्हती. तो मी एकटीनं रात्री बसून लिहिला होता. फार लागलं मनाला.

कुणी आराखडा खरंच पालकांसोबत बसून केलाय का? बैठक किती वाजता ठेवता? आमच्याकडे सोयाबीनची काढणी लागली की दिवसा कुणी येऊ शकत नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या आयांकडून आधी काय हवं, मग काय, हे कसं काढून घेता? भरलेला नमुना असेल तर कृपया फोटो टाका. कडी मात्र दुसऱ्याच दिवशी बसवली.