पोटाची ऊती घ्यावी की पाठीची? थोरल्या बहिणीच्या स्तनपुनर्रचनेबाबत सल्ला हवा आहे

यावलची धाकटी

नमस्कार. माझी थोरली बहीण ४६ वर्षांची असून यावल तालुक्यातील एका गावात राहते. डाव्या स्तनातील गाठीसाठी तिच्या केमोथेरपीच्या शेवटच्या फेऱ्या सुरू आहेत. त्यानंतर संपूर्ण स्तन आणि काखेतील गाठी काढाव्या लागतील, आणि पुढे बहुधा रेडिएशनही द्यावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. स्तन पुन्हा घडवायचा असेल तर सिलिकॉनचे इम्प्लांट बसवता येते किंवा पोटाची अथवा पाठीची स्वतःचीच ऊती वापरता येते, एवढे त्यांनी सांगितले. पण बाहेर रांग मोठी होती आणि आम्ही दोघीही गांगरलेल्या होतो, त्यामुळे पुढचे विचारायचे राहून गेले.

ताईला बाहेरची वस्तू शरीरात नको आहे. तिची दोन्ही बाळंतपणे सिझेरियनने झाली आहेत आणि दुसऱ्या वेळीच कुटुंबनियोजनाचे ऑपरेशनही झाले आहे. तिला मधुमेह नाही. मिश्री लावण्याची सवय मात्र लग्नापासूनची आहे.

तिच्या मनातला खरा प्रश्न वेगळा आहे. लग्नसराईत आणि आखाजीला ताई खापरावरचे मांडे करून देते. आसपासच्या पाच-सहा गावांतून तिला बोलावणे येते आणि त्यावर घराचा बराच खर्च निघतो. भिजवून तिंबलेल्या कणकेचा पुरण भरलेला गोळा तळव्यांवर खेळवत खेळवत थेट कोपरापर्यंत पसरवायचा आणि तापलेल्या उलट्या खापरावर अलगद टाकायचा, हे काम ती दिवसाला तीन-चार तास करते. पाठीचा स्नायू घेतला तर हात वर राहील का, आणि पोटाचा घेतला तर बसून उठता येईल का, असे ती विचारते. घरातील काही मंडळी "या वयात हे कशाला" असेही म्हणतात, आणि ते ऐकून ती गप्प होते. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

धुळ्याच्या काकू

तुमच्या ताईंना सर्वप्रथम हे सांगा की वयाचा प्रश्न विचारणाऱ्यांना उत्तर देण्याचे बंधन त्यांच्यावर नाही. माझी पुनर्रचना ५१ व्या वर्षी झाली. त्याआधी, ज्या रुग्णालयात माझा स्तन काढला गेला तिथे स्वतःच्या ऊतीने पुनर्रचना होऊ शकते हे मला कुणीही सांगितले नव्हते. रेडिएशनच्या रांगेत शेजारी बसणाऱ्या एका बाईंकडून ते मला कळले. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेच्या आधीच हा विषय काढला, ही मी चांगली गोष्ट समजते.

माझी शस्त्रक्रिया रेडिएशन संपल्यावर सुमारे दीड वर्षाने मुंबईत झाली. पोटाची त्वचा आणि चरबी घेतली, स्नायू जागेवरच ठेवला. सकाळी आत नेले आणि अतिदक्षता विभागात डोळे उघडले तेव्हा रात्र झाली होती. त्या रात्रीची एक गोष्ट कुणी आधी सांगितली असती तर मी इतकी घाबरले नसते. परिचारिका दर तासाला यायची, नव्या स्तनाच्या त्वचेवर बोट दाबून रंग परत येतो का ते पाहायची, हाताच्या पाठीने ऊब तपासायची आणि मग पेनासारखे एक यंत्र टेकवायची. त्यातून "हुश्श, हुश्श" असा रक्त वाहण्याचा आवाज यायचा. तो आवाज ऐकू आला की माझा जीव भांड्यात पडायचा. दोन दिवस हे असेच चालले.

पोटाचे टाके ताणू नयेत म्हणून पहिले आठ-दहा दिवस कमरेत वाकूनच चालावे लागते आणि झोपतानाही गुडघ्यांखाली उशी ठेवावी लागते. जखमेत साचणारे पाणी बाहेर नेणाऱ्या नळ्या काढेपर्यंत त्यांच्या पिशव्या मी परकराच्या आत शिवून घेतलेल्या खिशात ठेवत असे. सहा आठवडे पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही, असे बजावले होते; सुनेने ते कटाक्षाने पाळायला लावले. नवा स्तन हाताला मऊ आणि उबदार लागतो, पण त्याला स्पर्श जवळजवळ कळत नाही. गरम पाण्याची पिशवी त्यावर कधीही ठेवू नका, कारण भाजले तरी समजत नाही. बेंबीच्या खाली पोटही बधिर राहिले आहे, ते आता अंगवळणी पडले. आरशासमोर ब्लाउज घालताना मान वळवून उभी राहायची माझी सवय मात्र गेली, आणि माझ्यासाठी तेवढे पुष्कळ आहे.

मूळचा पारोळ्याचा, प्लास्टिक सर्जन

प्रश्न नेमका विचारला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. तपासणी न करता दिलेला हा सल्ला आहे, त्यामुळे अंतिम निर्णय तुमच्या डॉक्टरांसमोर बसूनच घ्यावा.

पहिला मुद्दा रेडिएशनचा, कारण बाकीचे बरेचसे निर्णय त्यावरून ठरतात. रेडिएशनमुळे त्वचा आणि तिच्याखालील भाग कडक होतो. इम्प्लांटच्या भोवतीचे आवरण आवळून येण्याचे प्रमाण अशा रुग्णांत वाढते. स्वतःची ऊती त्या मानाने हा त्रास चांगला सोसते. तरीही ताज्या फ्लॅपवर, म्हणजे छातीवर आणून बसवलेल्या ऊतीवर, रेडिएशन दिल्यास तो आकसू शकतो, म्हणून रेडिएशन नक्की असेल तर अनेक शल्यचिकित्सक आधी स्तन काढतात, रेडिएशन पूर्ण करतात आणि त्यानंतर किमान सहा महिने ते वर्षभर थांबून पुनर्रचना करतात. थांबावे लागले म्हणजे संधी गेली, असे समजू नये. काही वर्षांनीही ही शस्त्रक्रिया करता येते, आणि पुनर्रचनेमुळे कर्करोग परत येण्याचा धोका वाढत नाही.

आता पोट. १९८२ साली अमेरिकेतील कार्ल हार्ट्रॅम्फ यांनी पोटाचा सरळ स्नायू त्यावरील त्वचा-चरबीसह छातीवर नेण्याची पद्धत मांडली. तिला ट्रॅम फ्लॅप म्हणतात. ती उपयुक्त ठरली, परंतु स्नायू गेल्यामुळे पोटाची भिंत कमकुवत होणे, फुगवटा येणे, क्वचित हर्निया होणे, या तक्रारी मागे राहत. पुढे १९८९ मध्ये जपानचे इसाओ कोशिमा यांनी दाखवून दिले की स्नायूतून वर येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या सोडवून घेतल्या तर स्नायू जागेवर ठेवता येतो. १९९० च्या दशकात तीच कल्पना स्तनासाठी वापरली जाऊ लागली आणि आज तिला डीप फ्लॅप म्हणतात. काकूंनी वर्णन केलेली शस्त्रक्रिया हीच. यात पोटाचा भाग शरीरापासून पूर्ण वेगळा करून, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या रक्तवाहिन्या बरगड्यांमागील रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली केसापेक्षा बारीक धाग्याने जोडतात. जोडलेल्या रक्तवाहिनीत गुठळी झाली तर काही तासांत पुन्हा उघडून ती दुरुस्त करावी लागते. दर तासाच्या तपासणीमागचे कारण ते आहे. अनुभवी केंद्रांत संपूर्ण फ्लॅप निकामी होण्याचे प्रमाण शंभरात एक ते तीनच्या आसपास असते. म्हणून ही शस्त्रक्रिया जिथे नियमित होते आणि रात्रीही शस्त्रक्रियागृह उघडता येते, अशाच ठिकाणी करावी, मग त्यासाठी भुसावळहून मुंबईची गाडी धरावी लागली तरी चालेल.

सिझेरियनचा आडवा व्रण सहसा आड येत नाही. बेंबीपासून खाली उभा व्रण असेल तर त्याच्या एका बाजूचाच भाग वापरता येईल का, हे पाहावे लागते. दोन्ही परिस्थितींत आधी पोटाचे सीटी अँजिओग्राम करून कोणत्या रक्तवाहिन्या शाबूत आहेत याचा नकाशा तयार करतात. पोटावर पुरेशी सैल चरबी हवी, हेही आलेच.

पाठीचा फ्लॅप याहून जुना आहे. इटलीच्या इजिनिओ तान्सिनी यांनी तो विसाव्या शतकाच्या आरंभीच वर्णिला होता. लॅटिसिमस डॉर्साय हा पाठीचा रुंद स्नायू त्याच्या रक्तवाहिनीसह काखेतून पुढे फिरवतात, सूक्ष्मदर्शकाची गरज लागत नाही आणि वेळही कमी लागतो. मात्र त्यातून मिळणारा आकार लहान असतो, त्यामुळे पुष्कळदा त्याखाली इम्प्लांट घालावेच लागते, आणि ते तर आपल्या भगिनींना नको आहे. पाठीच्या जखमेत पाणी साचण्याची तक्रारही वारंवार आढळते. शिवाय त्यांच्या काखेतील गाठी काढल्या जाणार आहेत, आणि या स्नायूची रक्तवाहिनी तिथूनच जाते. पाठीचा पर्याय पुढे हवा असेल तर ती जपावी, असे स्तन काढणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवावे.

खापरावरचे मांडे करण्याच्या कामाविषयी मला खरोखर विचार करावा लागला. माझी आजी मांडे करत असे. पाठीचा हा स्नायू हात खाली आणि मागे ओढण्याचे काम करतो, म्हणजे विहिरीतून पोहरा शेंदणे किंवा कापसाचे गाठोडे ओढणे अशा कामांत त्याची उणीव जास्त जाणवते. मांडा पसरवताना हात पुढे आणि वर धरलेले असतात, तो भार मुख्यतः खांद्याच्या इतर स्नायूंवर येतो. त्यामुळे माझ्या मते ताईंच्या हाताला खरा धोका फ्लॅपपेक्षा काखेतील शस्त्रक्रिया आणि रेडिएशन यांचा आहे, कारण त्यांनी खांदा आखडतो. डॉक्टरांनी परवानगी देताच भिंतीवर बोटे चढवत हात वर नेण्याचा व्यायाम सुरू करावा आणि रेडिएशनच्या काळातही तो सोडू नये. दुसरी काळजी चटक्याची. काखेतील गाठी काढल्यावर त्या हाताला कायमची सूज येण्याची शक्यता असते, आणि खापरावर भाजलेल्या जखमेतून जंतुसंसर्ग झाला तर ती सूज सुरू होऊ शकते किंवा वाढू शकते. डाव्या हाताला कोपरापर्यंत चटका न लागू देता मांडा टाकण्याची पद्धत त्यांना बसवावी लागेल.

मिश्री आजच बंद करावी. निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करते. ते धुरातून गेले काय आणि हिरडीतून गेले काय, फ्लॅपला फरक पडत नाही. शस्त्रक्रियेच्या आधी किमान चार आठवडे आणि जखमा भरेपर्यंत नंतरही ती पूर्ण बंद हवी. पुढे टॅमॉक्सिफेन (कर्करोग परत येऊ नये म्हणून द्यायची हार्मोनरोधक गोळी) सुरू झाले तर तेही सर्जनला सांगावे, कारण त्याने गुठळ्यांची शक्यता वाढते आणि मायक्रोसर्जरीआधी ते काही आठवडे थांबवायचे का, हे कर्करोगतज्ज्ञांशी बोलून ठरवतात.

एवढ्या माहितीवरून विचाराल तर मी रेडिएशननंतर थांबून डीप फ्लॅप, याकडे झुकेन.

चोपड्याची वाचक

मी पुनर्रचना करून घेतली नाही, तेही इथे नोंदवते. आठ-दहा तासांची आणखी एक शस्त्रक्रिया मला नको होती. मी सिलिकॉनचा बाहेरून लावायचा स्तन वापरते. गावच्या शिंप्याकडून ब्रेसियरला आतून मऊ सुती खिसा शिवून घेतला आहे. त्याचे वजन दुसऱ्या बाजूइतके असल्यामुळे खांदा झुकत नाही आणि पदर घसरत नाही. ताईंना वर्षभर थांबावे लागलेच, तर त्या काळातही याचा उपयोग होईल.

यावलची धाकटी

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल सगळे उत्तर ताईला मोठ्याने वाचून दाखवले. मिश्रीच्या भागापाशी तिने पुन्हा वाचायला लावले आणि मग डबी माझ्या हातात आणून दिली. आधी स्तन काढणे आणि रेडिएशन, मग थांबून पोटाचा फ्लॅप, असे तिने मनाशी ठरवले आहे. डॉक्टरसाहेब, एक शेवटचे विचारते: खर्चाचे काय करावे, आणि वर्षभराने दुसऱ्या शहरात जायचे तर सोबत काय असावे?

मूळचा पारोळ्याचा, प्लास्टिक सर्जन

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. ज्या रुग्णालयात पुनर्रचना करायची, तिथल्याच आरोग्यमित्राकडे (रुग्णालयातील योजनेचा मदतनीस) ही विशिष्ट शस्त्रक्रिया त्यात बसते का, हे भरती होण्यापूर्वी विचारून घ्यावे. खासगी विमा असेल आणि "सौंदर्यशस्त्रक्रिया" म्हणून दावा नाकारला गेला, तर पॉलिसीतील अपवादांचे कलम वाचावे: अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना त्या अपवादातून वगळलेली असते.

सोबत केवळ डिस्चार्ज कार्ड नेऊ नये. स्तन काढल्याच्या शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद, काढलेल्या भागाचा पॅथॉलॉजी अहवाल आणि रेडिएशन किती, कुठे व कोणत्या तारखेपर्यंत दिले त्याचा सारांश, हे तिन्ही कागद त्या-त्या वेळीच मागून घ्यावेत, कारण वर्षभराने ते मिळवायला पुन्हा खेटे घालावे लागतात.