मंडळाच्या ट्रेलरला ब्रेक कंट्रोलर बसवण्याविषयी

प्रति: सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सवाच्या साहित्यासाठी मंडळाने घेतलेला बंदिस्त ट्रेलर सध्या आमच्या घरापुढे उभा आहे. त्याला दोन ॲक्सल असून चारही चाकांना विजेवर चालणारे ब्रेक आहेत, आणि एकूण वजनाची मर्यादा 7000 पौंड आहे. रंगमंचाच्या फळ्या, ध्वनियंत्रणा, सतरंज्या आणि स्वयंपाकाची मोठी पातेली भरून काट्यावर नेला तेव्हा वजन 5200 पौंड भरले. आमची गाडी एवढे वजन ओढू शकते, परंतु तिच्यात ब्रेक कंट्रोलर, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकला वीज देणारे उपकरण, नाही आणि मागे केवळ चार पिनांचा चपटा सॉकेट आहे. दुकानात मला असे सांगण्यात आले की गाडी दणकट आहे, सावकाश चालवल्यास कंट्रोलरविना भागेल. इथे अमेरिकेत डेन्व्हरहून डोंगरातल्या आयसेनहॉवर बोगद्यापर्यंत, म्हणजे 11,158 फुटांवर चढून पलीकडे उतरायचे आहे, त्यामुळे हा सल्ला मला पटत नाही.

नानांनी इकडे अनेक वर्षे ट्रेलर ओढला आहे. ते आता पारोळ्यास राहत असले तरी आपली पत्रे वाचतात, म्हणून ही विचारणा मुख्यतः त्यांना आहे.

आपली,
चाळीसगावची सभासद

---

ताई, नमस्कार.

तुम्हाला पटले नाही हे योग्यच झाले. गाडी किती वजन ओढू शकते आणि किती वजन थांबवू शकते हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि दुकानदाराने पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला दिले. तुम्ही चाळीसगावच्या आहात, तेव्हा कन्नडच्या घाटातून भरलेली ट्रॉली उतरताना तुम्ही पाहिली असेलच. आपल्याकडच्या कितीतरी ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. चालक ट्रॅक्टर दाबून धरतो आणि मागचा भार त्याला पुढे रेटत राहतो. वळणावर तोच रेटा तिरका लागला की ट्रॅक्टरचे मागचे अंग बाजूला सरकते आणि दोन्ही वाहने कात्रीसारखी मिटतात. तुमचा ट्रेलर ब्रेक असूनही कंट्रोलरविना नेला, तर तो त्या ट्रॉलीसारखाच होईल, कारण विजेच्या ब्रेकला वीज पोहोचली नाही तर तो अजिबात लागत नाही.

आत काय घडते ते समजून घेतल्यास जोडणी करताना चुका कमी होतात. प्रत्येक चाकाच्या ड्रममध्ये, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ डब्यात, एका तरफेच्या टोकाला विद्युतचुंबक असतो. वीज मिळताच तो फिरत्या ड्रमच्या आतल्या सपाट भागाला चिकटू पाहतो, ड्रमबरोबर थोडा ओढला जातो, आणि त्या ओढीने तरफ ब्रेक शू, म्हणजे घर्षणाच्या पट्ट्या, बाहेर दाबते. वीज जितकी अधिक, तितकी पकड घट्ट. ही वीज किती द्यायची ते कंट्रोलर ठरवतो. जुन्या पद्धतीचे काही कंट्रोलर ब्रेकचा दिवा लागल्यापासून ठरावीक वेळात ठरावीक जोरापर्यंत वीज वाढवतात. तुम्ही पेडल हलके दाबले की जोरात, हे त्यांना कळत नाही. दुसऱ्या प्रकारचे, ज्यांना प्रोपोर्शनल म्हणतात, ते गाडीचा वेग किती झपाट्याने कमी होत आहे हे मोजून त्या प्रमाणात ट्रेलरचे ब्रेक लावतात. पन्नास डॉलर वाचवण्यासाठी पहिला प्रकार घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डोंगरातून जाणाऱ्याने तर नाहीच.

आता तारा. कंट्रोलरमधून चार निघतात. काळी बॅटरीच्या धन टोकाकडे, पांढरी ऋण टोकाकडे, लाल ब्रेकच्या दिव्याच्या स्विचकडे आणि निळी मागच्या सॉकेटमधून ट्रेलरच्या ब्रेककडे जाते. चार पिनांच्या सॉकेटमध्ये या निळ्या तारेला जागाच नसते, म्हणून तुम्हाला सात पिनांचा सॉकेट बसवावाच लागेल. तुमच्या ट्रेलरचे चुंबक प्रत्येकी सुमारे 3 अँपिअर घेतात, म्हणजे चौघांचे मिळून 12. दोन ॲक्सलपर्यंत काळ्या तारेवर बॅटरीजवळ 20 अँपिअरचा, आपोआप पूर्ववत होणारा सर्किट ब्रेकर लावतात. तारा जाड घ्याव्यात. बारीक तारेत व्होल्टेज वाटेतच उतरते आणि चुंबकापर्यंत जेमतेम पोहोचते. काळी आणि पांढरी यांची अदलाबदल झाल्यास कंट्रोलर जळतो, म्हणून बॅटरीचे ऋण टोक सोडवूनच कामाला लागावे.

पांढऱ्या तारेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण इथेच मी स्वतः चुकलो होतो. पहिला कंट्रोलर बसवताना मी ती तार डॅशबोर्डखालच्या एका स्क्रूला आवळून मोकळा झालो. पत्र्याला ‘अर्थ’, म्हणजे वीज परतण्याची वाट, मिळतोच, अशी माझी समजूत होती. महिनाभर सर्व ठीक चालले आणि मग पावसात ब्रेक कधी लागत, कधी मंद पडत. मी आधी चुंबक तपासले, नंतर शू बदलले आणि शेवटी मीटर लावून पाहिले, तेव्हा त्या रंगवलेल्या पत्र्याच्या सांध्यावरच व्होल्टेज गळत असल्याचे आढळले. पांढरी तार थेट बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत नेल्यावर तो दोष पुन्हा आला नाही. ट्रेलरच्या बाजूलाही हीच दक्षता हवी. ट्रेलर ज्यावर अडकवतात त्या गाडीमागच्या बॉलच्या जोडणीतून अर्थ मिळेल या भरवशावर राहू नये.

लाल तार स्विचच्या ज्या टोकाला पेडल दाबल्यावरच वीज येते, त्या टोकाला जोडायची असते. मात्र अलीकडच्या अनेक गाड्यांत ब्रेकच्या दिव्याचा संकेत संगणकाच्या मार्फत जातो, तिथे तार सोलून जोड देणे धोक्याचे आहे. आधी डॅशबोर्डखाली पेडलच्या आसपास कंपनीने दिलेला जोड आहे का ते पाहा. तो असल्यास आपल्या गाडीसाठी बनवलेली तयार हार्नेस, म्हणजे जोड लावलेली तारांची जुडी, मिळते आणि एकही तार कापावी लागत नाही. पिवळ्या वेष्टनातल्या तारा एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावू नये. गुडघ्याजवळ एअरबॅग असेल तर कंट्रोलर तिच्या वाटेत बसवू नये. काही कंट्रोलर प्रवासाच्या दिशेला समांतर आणि ठरावीक कलातच बसवावे लागतात, अन्यथा त्यांची मोजणी चुकते. ते पत्रक वाचूनच ठरवा.

जोडणी झाली म्हणजे काम झाले असे नाही. सामान भरलेला ट्रेलर घेऊन सपाट, कोरड्या, मोकळ्या रस्त्यावर जा. ताशी 25 मैलांच्या वेगात पेडलला पाय न लावता कंट्रोलरची हातपट्टी, म्हणजे केवळ ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायची पट्टी, पूर्ण सरकवा. ट्रेलरने गाडीला मागून ठळकपणे ओढून धरले पाहिजे. तसे न झाल्यास गेन, म्हणजे कंट्रोलरवर ठरवलेला ट्रेलरच्या ब्रेकचा जोर, वाढवा. चाके घसरू लागली तर कमी करा, आणि चाके अडकण्याच्या किंचित अलीकडे थांबा. परतताना पातेली आणि फळ्या तिकडेच ठेवणार असाल तर हा गेन जास्त ठरेल, तो पुन्हा लावावा लागेल. शू नवे असतील तर ताशी 40 मैलांवरून 20 पर्यंत वेग उतरवण्याची क्रिया, मध्ये ड्रम थंड होऊ देत, वीस ते पन्नास वेळा केल्यावर ते नीट बसतात. पहिल्या 200 मैलांनंतर शूमधले अंतर तपासून घ्या.

ट्रेलर मागे डुलू लागला तर गाडीचा ब्रेक दाबू नका. हातपट्टी हलकेच सरकवून केवळ ट्रेलरचे ब्रेक लावा, म्हणजे तो सरळ रेषेत येतो. बोगद्यानंतरच्या 7 टक्क्यांच्या उतारावर मात्र ब्रेकच्या आधी गिअर कमी करा. सतत दाबून धरलेला ब्रेक तापून निकामी होतो.

ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी सुटका-दोरीही तपासा. सात पिनांचा जोड आधी काढून ठेवा, नाहीतर वीज उलटी जाऊन कंट्रोलर बिघडू शकतो. पिन ओढली की ट्रेलरची चाके अडली पाहिजेत, आणि ट्रेलरवरच्या बॅटरीने ती किमान 15 मिनिटे धरून ठेवली पाहिजेत. ही दोरी गाडीच्या सांगाड्याला बांधा, बॉलला किंवा साखळीला नव्हे.

आपला,
नाना, पारोळे

---

नाना, सादर नमस्कार.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे डॅशबोर्डखाली पाहिले असता कंपनीचा जोड मिळाला, त्यामुळे तयार हार्नेस मागवली आणि मागे सात पिनांचा सॉकेट बसवून घेतला. पहिल्या चाचणीत कंट्रोलरच्या पडद्यावर ट्रेलर जोडलेला दिसत होता, पण ओढ मात्र अगदी क्षीण होती. तुमचे पत्र आठवून ट्रेलरच्या पुढच्या पेटीतला अर्थचा सांधा उघडला, तेव्हा तो गंजलेला निघाला. नवीन टोक दाबून बसवल्यावर हातपट्टी सरकवताच ट्रेलरने गाडी धरून ठेवली. शनिवारी सामानासह बोगदा ओलांडून आलो. उतारावर गिअर कमी ठेवला होता आणि ब्रेक थोडे थोडे करून वापरले.

एक वेगळी विनंती आहे. चाळीसगावला माझा धाकटा भाऊ ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून घाटातून मका आणतो. त्या ट्रॉलीला असे ब्रेक बसतील का?

आपली,
चाळीसगावची सभासद

---

ताई,

ट्रॅक्टरची बॅटरी 12 व्होल्टचीच असते, त्यामुळे विजेची अडचण नाही. अडचण ॲक्सलची आहे. हे ब्रेक बसवण्यासाठी ॲक्सलवर नटबोल्टची चकती लागते, 10 इंची ब्रेकला चार बोल्टची आणि 12 इंचीला पाच बोल्टची, आणि आपल्याकडच्या साध्या ट्रॉलीच्या ॲक्सलवर ती सहसा नसते. शिवाय हे ब्रेक साधारण 3500 ते 7000 पौंड वजनाच्या ॲक्सलसाठी असतात. शिगोशीग भरलेली ट्रॉली याच्या पलीकडे सहज जाते. तोवर घाटात भार निम्मा ठेवावा, उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर घ्यावा, आणि ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक पेडल कडीने एकत्र जोडल्याशिवाय रस्त्यावर येऊ नये, एवढे त्याला आजच कळवा. एकच पेडल दाबले गेले तर ट्रॅक्टर त्या बाजूला फिरतो.

पोळा झाल्यावर मी चाळीसगावला जाणार आहे. भावाला ट्रॉली रिकामी करून, जॅक लावून ठेवायला सांगा. ॲक्सल मोजूनच पुढचे लिहीन.

नाना